पदवी आणि सामान्य शिक्षण

पदवीदान समारंभात विद्यार्थ्याच्या हाती जे पत्र पडते, त्यावर बहुधा एकाच विषयाचा उल्लेख असतो. कोणी रसायनशास्त्राचा पदवीधर म्हणवतो, कोणी वाणिज्याचा, कोणी मराठी वाङ्मयाचा. परंतु त्याच विद्यार्थ्याच्या गुणपत्रिका उलगडून पाहिल्या, तर त्यांत या विषयाशी दूरचाही संबंध नसलेली नावे आढळतात. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने भाषेची परीक्षा दिलेली असते. वाणिज्याच्या विद्यार्थिनीने पर्यावरणाची. मराठीच्या विद्यार्थ्याने संगणकाची. शिवाय या परीक्षा उत्तीर्ण झाल्यावाचून ते पदवीपत्र हाती पडत नाही. दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत म्हणूनच घरोघरी एक प्रश्न निघतो : ज्याला रसायनशास्त्र शिकावयाचे आहे, त्याच्या माथी हे बाकीचे विषय कशासाठी?

प्रश्न रास्त आहे. या विषयांना विद्यार्थ्याचे तास खर्ची पडतात, पालकांचे पैसे खर्ची पडतात; आणि घरातून पहिल्यानेच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलाच्या दृष्टीने दोन्हींचे मोल मोठे असते. केवळ नियम आहे म्हणून, एवढे उत्तर त्याला पुरणार नाही. नियमामागे काही विचार आहे का, आणि असल्यास तो प्रत्यक्षात कितपत उतरतो, हे पाहिले पाहिजे.

या विषयांच्या समूहाला इंग्रजीत जे नाव आहे, त्याचे भाषांतर आपल्याकडे 'सामान्य शिक्षण' असे रूढ झाले. या शब्दाने थोडा घोटाळाही केला. व्यवहारात सामान्य म्हणजे साधारण, बेताचे, दुय्यम प्रतीचे. त्यामुळे विशेष विषय तो महत्त्वाचा आणि सामान्य विषय तो कसाबसा उरकण्याचा, अशी समजूत नकळत होऊन बसते. वास्तविक आपल्या वैशेषिक दर्शनात सामान्य आणि विशेष हे दोन स्वतंत्र पदार्थ मानले आहेत. अनेक व्यक्तींमध्ये जे एक असते ते सामान्य. आणि ज्यामुळे एक वस्तू दुसरीहून निराळी ठरते ते विशेष. सामान्य शिक्षणाचा अर्थ या शास्त्रीय वापराशी अधिक जुळतो. वैद्य, अभियंता, वकील, हिशेबनीस, शिक्षक हे आपापल्या विद्येने एकमेकांपासून वेगळे होतात. परंतु हे सर्व ज्या एका समाजात राहतात, मत देतात, वर्तमानपत्र वाचतात, त्या समाजाचे घटक म्हणून त्यांना जे समान लागते, ते सामान्य शिक्षण होय. प्रत्येक विषयाची चिमूट चिमूट घेतल्याने ते साधत नाही. निरनिराळ्या विद्या सत्यापर्यंत कोणत्या वाटेने जातात, याची ओळख हा त्याचा गाभा आहे. विज्ञान प्रयोगाने पारखते, इतिहास साधनांची छाननी करतो, गणित सिद्धता मागते, वाङ्मय दुसऱ्याच्या अंतःकरणात शिरावयास शिकवते. या चारही रीती ज्याने एकदा तरी जवळून पाहिल्या, त्याला एकीचा आग्रह दुसरीच्या प्रांतात धरू नये, एवढे तरी कळते.

आपल्या देशात आधुनिक विद्यापीठे निघाली तेव्हा या शिक्षणासाठी वेगळी तरतूद करण्याची गरजच नव्हती. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक ही ती चार नावे. त्या काळच्या बी. ए. परीक्षेला भाषांबरोबर इतिहास, गणित आणि तर्कशास्त्र यांचाही अभ्यास असे. ती सारी पदवीच एका अर्थाने सामान्य शिक्षणाची होती. पुढे रानड्यांनी न्यायदान केले, अर्थशास्त्र लिहिले आणि मराठ्यांच्या सत्तेचा इतिहासही लिहिला. अशी माणसे केवळ अभ्यासक्रमाने घडतात असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु त्या अभ्यासक्रमाने त्यांच्यापुढे अनेक दारे उघडी ठेवली होती, हे नाकारता येत नाही.

त्यानंतर ज्ञानाचा विस्तार झपाट्याने होत गेला. एका माणसाने सगळे शिकावे ही गोष्ट अशक्य झाली आणि विषयांच्या वाटण्या झाल्या. हीच अडचण जगातील सर्व विद्यापीठांपुढे आली. तिचा सर्वांत ऊहापोह अमेरिकेत झाला. हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ ते १९०९ या चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत जुना ठरीव अभ्यासक्रम मोडून विद्यार्थ्याला हवे ते विषय निवडण्याची मोकळीक दिली. तिचा लाभ झाला तसा तोटाही झाला. कोणी एकाच विषयात गुंतून पडले, तर कोणी सोपे सोपे विषय वेचून पदवी पदरात पाडून घेऊ लागले. एलियट यांच्यानंतर आलेल्या लॉवेल यांनी त्यावर तोड काढली. विद्यार्थ्याने एका विषयात खोलवर जावे. मात्र उरलेल्या अभ्यासाचा काही भाग इतर ज्ञानशाखांत वाटून घ्यावा, असा दंडक त्यांनी घातला. पदवीसाठी आवश्यक अशा सामान्य विषयांची आजची रचना पुष्कळशी या दंडकातून आलेली आहे.

याच हार्वर्डमधून १९२९ साली दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पदवी घेतली. त्यांचा मुख्य विषय गणित. परंतु पुढे त्यांनी प्राचीन नाण्यांची वजने घेऊन त्यांवर संख्याशास्त्र चालवले आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना लिहिली, तेव्हा गणिती आणि इतिहासकार यांच्यामधील भिंत त्यांना अडवू शकली नाही.

दुसरी वाट न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने दाखवली. पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथे विद्यार्थी-सैनिकांना युद्धामागचे प्रश्न समजावून देण्यासाठी एक अभ्यासक्रम सुरू झाला होता. युद्ध संपल्यावर विचार असा पुढे आला, की युद्धाचे प्रश्न समजणे आवश्यक असेल तर शांततेचे प्रश्न समजणे त्याहून आवश्यक आहे. त्यातून १९१९ साली समकालीन संस्कृतीचा अभ्यासक्रम निघाला. येथे निवडीला वाव नव्हता; सर्वांनी तेच ग्रंथ वाचावे आणि लहान वर्गात बसून त्यांवर वाद करावा, अशी योजना होती. हा अभ्यासक्रम आजही चालू आहे. सामान्य शिक्षणाच्या सर्व योजना या दोन वाटांच्या दरम्यान कोठेतरी बसतात : एक वाटणीची, दुसरी सामाईक ग्रंथांची. पहिलीत स्वातंत्र्य अधिक, दुसरीत एकसूत्रता अधिक.

दुसऱ्या महायुद्धाने या प्रश्नाला निराळेच गांभीर्य आणले. हार्वर्डचे तेव्हाचे अध्यक्ष जेम्स कॉनंट हे रसायनशास्त्रज्ञ होते आणि अमेरिकेच्या अणुबाँबच्या कार्यात त्यांचा जबाबदारीचा वाटा होता. त्यांनीच नेमलेल्या समितीने १९४५ साली, म्हणजे ज्या वर्षी तो बाँब पडला त्याच वर्षी, स्वतंत्र समाजातील सामान्य शिक्षणावर आपला अहवाल प्रसिद्ध केला. विशेष ज्ञानाच्या बळावर माणूस काय करू शकतो हे त्या वर्षी जगाने पाहिले होते. ते करावे की न करावे, हे ठरवण्याची पात्रता मात्र कोणत्याही एका विशेष विषयातून येत नाही.

चारच वर्षांनी हा विचार भारतात मांडला गेला. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली १९४८ साली नेमलेल्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ च्या ऑगस्टमध्ये अहवाल दिला आणि पदवीच्या अभ्यासक्रमात सामान्य शिक्षणाचा समावेश विनाविलंब करावा, अशी शिफारस केली. त्या वेळची परिस्थिती लक्षात घेतली म्हणजे या शिफारशीचे महत्त्व कळते. संविधान तयार होत होते. प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मताचा अधिकार मिळावयाचा होता. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. अशा देशात विज्ञानाचा पदवीधर आपल्या समाजरचनेविषयी अनभिज्ञ राहिला आणि कलाशाखेच्या पदवीधराला विज्ञानाची रीत ठाऊकच नसली, तर राज्यकारभार चालवणाऱ्यांना प्रश्न विचारणार कोण? आयोगाच्या दृष्टीने हा नागरिकत्वाचा प्रश्न होता.

पन्नाशीच्या दशकात शिक्षणतज्ज्ञांचे एक पथक याच विषयाच्या अभ्यासासाठी परदेशी जाऊन आले. अलीगढ आणि बडोदे येथील विद्यापीठांनी पुढाकार घेतला. सामान्य शिक्षणासाठी वाचनसाहित्यही तयार झाले. तरीही दोन दशकांच्या आत हा प्रयोग बहुतेक ठिकाणी मंदावला. याचे कारण हेतूत नव्हते, व्यवस्थेत होते. जे शिक्षक स्वतः एकाच विषयात तयार झाले होते, त्यांच्याकडून अनेक विषयांना जोडणारी शिकवणूक अपेक्षिली गेली. वर्ग लहान असावेत, चर्चा व्हावी, असे योजनेत होते; प्रत्यक्षात शेकडो विद्यार्थी एका दालनात बसत. आणि या विषयाचे गुण श्रेणी ठरवताना धरले जात नाहीत असे कोठे आढळून आले, की विद्यार्थ्यांनी त्याकडे पाठ फिरवावी हे ओघानेच येई. जो विषय शिकवणाऱ्याला आपला वाटत नाही आणि शिकणाऱ्याला मोजला जाणारा वाटत नाही, तो वेळापत्रकात किती दिवस टिकणार?

त्यानंतर सामान्य शिक्षणाचा एक अंश अगदी अनपेक्षित दिशेने परत आला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा, असा निर्देश दिला. आकाशवाणी आणि दूरदर्शन यांवरून पर्यावरणाची माहिती नित्य दिली जावी, हेही त्याच निर्णयात होते. अंमलबजावणी व्हावयास बारा-तेरा वर्षे लागली. विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला आणि २००४ सालापासून तो लागू होऊ लागला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरक भरुचा यांनी लिहिले. डॉ. भरुचा हे व्यवसायाने शल्यचिकित्सक. शस्त्रक्रिया करणारा एक डॉक्टर अरण्ये, जलाशय आणि वन्य प्राणी यांच्यावर देशभरच्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहितो, हेच सामान्य शिक्षणाच्या बाजूने दिलेले एक उत्तर म्हणावे लागेल.

या अभ्यासक्रमाच्या शंभर गुणांपैकी पंचवीस गुण प्रत्यक्ष क्षेत्रभेटीसाठी राखले होते. विद्यार्थ्याने एखादी नदी, माळ, टेकडी किंवा प्रदूषित जागा स्वतः जाऊन पाहावी आणि नोंदी कराव्यात, अशी अपेक्षा होती. या पंचवीस गुणांचे काय होते, यावर सर्व काही अवलंबून असते. एका महाविद्यालयात विद्यार्थी गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत चालत जातात, पाण्याचा रंग पाहतात, काठावर राहणाऱ्यांना चार प्रश्न विचारतात आणि हा नाला कोठून असा झाला हे शोधतात. दुसऱ्या महाविद्यालयात गेल्या वर्षीची वही यंदाच्या विद्यार्थ्याच्या हातून पुन्हा लिहून घेतली जाते. दोघांच्या गुणपत्रिकांवरचा आकडा एकच असू शकतो. शिक्षण मात्र एकालाच मिळालेले असते.

दिल्ली विद्यापीठाने २०१३ साली चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला आणि त्यात सर्वांना सक्तीचे अकरा पायाभूत विषय घातले. शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांची त्यावर तीव्र टीका झाली. हे विषय पदवीच्या पातळीचे नाहीत आणि त्यांच्यामुळे मुख्य विषयाचा वेळ जातो, असा आक्षेप होता. जून २०१४ मध्ये, म्हणजे वर्षभरातच, तो अभ्यासक्रम मागे घेण्यात आला. सामान्य याचा अर्थ सोपे असा केला, तर विद्यार्थ्यालाच त्यात आपला अवमान वाटतो, हा त्या प्रसंगाचा बोध आहे.

आजची रचना २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून निघाली आहे. तिचा आराखडा विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. तो समजण्यासाठी श्रेयांक ही कल्पना ध्यानी घ्यावी लागते. एका सत्रात पंधरा तासांचे अध्यापन म्हणजे एक श्रेयांक, असा हिशेब आहे. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात आणि चार वर्षांच्या पदवीला १६०. तीन वर्षांच्या १२० पैकी ६०, म्हणजे बरोबर निम्मे, मुख्य विषयाचे, २४ जोडविषयाचे. उरलेल्यांत बहुविद्याशाखीय विषयांना ९, भाषा व अभिव्यक्ती यांच्या विषयांना ८, कौशल्यांना ९, आणि पर्यावरण, आरोग्य, भारताची ओळख अशा मूल्यवर्धक विषयांना ६ ते ८ श्रेयांक आहेत. प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी २ ते ४. म्हणजे पदवीचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग मुख्य विषय आणि जोडविषय यांच्या बाहेरचा आहे. निरनिराळ्या राज्यांनी आणि विद्यापीठांनी या आकड्यांत आणि नावांत थोडा फेरबदल केला आहे. परंतु चौकट हीच आहे.

यांतील ९ श्रेयांकांच्या गटाला एक अट आहे आणि ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. बारावीला जे विषय शिकून झाले, तेच येथे पुन्हा घेता येत नाहीत. विज्ञानातून आलेल्याने भौतिकशास्त्राची उजळणी करून हे श्रेयांक मिळवू नयेत, असा तिचा हेतू. आपल्याकडे दहावीनंतर, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, मुलांच्या शाखा अलग होतात आणि त्या दिवसापासून एकाचे गणित कायमचे सुटते, तर दुसऱ्याचा इतिहास. ही नऊ श्रेयांकांची खिडकी त्या भिंतीत पाडलेली आहे. एकूण १३५ तासांची ही खिडकी फार मोठी नव्हे. परंतु उजेड येण्यास पुरेशी आहे. भाषेच्या ८ श्रेयांकांचेही असेच. जेथे विद्यापीठाने सोय केली असेल, तेथे इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे वाढलेल्या मराठी मुलाला घरी केवळ बोलली जाणारी आपली भाषा महाविद्यालयात रीतसर शिकता येईल.

आता मूळ आक्षेपाकडे वळावयास हवे. ज्याला लवकर नोकरी हवी आहे, त्याला हा विस्तार परवडतो काय? उत्तर देताना एका विद्यार्थ्याचे स्मरण होते. बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांच्याजवळ वेळही थोडा होता आणि पैसाही थोडा. मुख्य विषय अर्थशास्त्र. तरीही त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांचे वर्ग केले. हे पदव्युत्तर शिक्षण होते आणि निवड त्यांची स्वतःची होती, कोणत्या नियमाची नव्हे. परंतु भारतातील जातींविषयीचा त्यांचा प्रसिद्ध निबंध मे १९१६ मध्ये त्यांनी वाचला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. अर्थशास्त्राच्या चौकटीत राहून तो प्रश्न त्या रीतीने विचारता आला नसता. ज्याला जग आहे तसे स्वीकारावयाचे आहे, त्याचे एका विषयावर भागेल. ज्याच्या वाट्याला आलेले जग अन्यायाचे आहे, त्याला ते समजून घेण्यासाठी एकाहून अधिक विद्या लागतात. म्हणून सामान्य शिक्षण ही सुखवस्तू मुलांची चैन आहे, असे मानणे चुकीचे ठरेल. सुखवस्तू घरातील मुलाला पुस्तके, प्रवास आणि मोठ्यांच्या गप्पा यांतून बरेचसे आपोआप मिळते. ज्याच्या घरी यांतले काही नाही, त्याला ते मिळण्याची हमखास जागा महाविद्यालय हीच आहे, आणि तेथेही ते त्याला वही उतरवण्याच्या रूपाने मिळाले, तर त्याची फसवणूक झाली असे म्हटले पाहिजे.

ही फसवणूक टळण्यासाठी काय हवे, ते पाऊण शतकाच्या अनुभवाने सांगितले आहे. पहिली गरज शिक्षकाची. विज्ञानाच्या मुलांना इतिहास शिकवणारा माणूस आपल्या विषयात पक्का असावा आणि नवख्याला त्या विषयाची गोडी लावण्याचे कसब त्याच्याजवळ असावे. ज्याचे तास कमी भरतात त्याच्या गळ्यात हा वर्ग घातला, तर पन्नाशीच्या दशकाचीच पुनरावृत्ती होईल. दुसरी गरज पुस्तकाची, तेही विद्यार्थ्याच्या भाषेत. परक्या विषयात पाऊल टाकणाऱ्याला परक्या भाषेचेही ओझे दिले, तर तो पाठांतराचा आश्रय घेतो. तिसरी गरज परीक्षेची. व्याख्या आणि सनावळी विचारणारी परीक्षा या विषयांना मारक आहे. एखाद्या जाहिरातीतील आकडेवारी विश्वासार्ह का नाही, एखाद्या घटनेविषयीची दोन साधने परस्परविरुद्ध का बोलतात, असा प्रश्न पदवीधराला सोडवता आला, तर त्याचे नऊ श्रेयांक कारणी लागले.

प्रवेशाच्या दिवसांत पालक महाविद्यालयाची इमारत पाहतात, शुल्क विचारतात, मुख्य विषयाचे निकाल विचारतात. त्याबरोबर आणखी एक गोष्ट विचारण्यासारखी आहे : सामान्य विषय येथे कोण शिकवतो आणि कसा शिकवतो? नियमाने हे विषय गुणपत्रिकेवर येतात, ते पदवीधराच्या अंगी उतरवणे ज्यांच्या हाती आहे, त्यांना तो प्रश्न वारंवार विचारला गेला पाहिजे.